शाब्लीचा आडोसा

मिलिंद, तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि माझा तुझ्यावरचा संशय अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तू असताना मी तुझ्या पाठीमागे आणि तुझ्या तोंडावर इतकं वाईट बोललोय, की आता एकदम गोड बोलायला लागलो तर तूच म्हणशील, सदादाचा काहीतरी डाव आहे. म्हणून सरळ विचारतो. माझ्या तिसऱ्या-शिंपल्यांच्या प्रत्येक बशीबरोबर तू ती एकच बाटली का पाठवत होतास?

आपल्या त्या मस्कतच्या समुद्रकाठच्या हॉटेलात शंभरावर जातींच्या वाइन तुझ्या ताब्यात होत्या. लाल, गुलाबी, गोड, फसफसणाऱ्या. तरी किचनमधून माझं तिसऱ्यांचं सुकं निघालं की तू पुढे व्हायचास आणि शाब्ली सुचवायचास. फ्रान्सची, पांढरी, कोरडी, थंडगार शाब्ली. कुणी गोड काही मागितलं तरी शाब्ली. एका जर्मन म्हाताऱ्याने लाल वाइनच हवी म्हणून हट्ट धरला, तर तू त्याला म्हणालास, ‘मग तुम्ही मटण घ्या.’ म्हणजे तू माझी बशीच रद्द केलीस. ते मला कळलं तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

मी मुळातला संशयी, हे मान्य. शिरोड्याहून पहिल्यांदा इकडे आलो तेव्हा एजंटाने कुक म्हणून व्हिसा दाखवला आणि सलालाहच्या गोदामात पोती उचलायला लावली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मी पाणीसुद्धा फुंकून पितो. तू चिडवायचास, ‘सदादा, तू बारशाला गेलास तर बाळाचा पासपोर्ट बघायला मागशील.’ सगळं किचन हसायचं. मीही हसायचो, आणि मनात म्हणायचो, हा का बरं मला हसतोय?

पण तुझ्यावर संशय घ्यायला कारण होतं. तू वाइन विकायचास आणि पीत नव्हतास.

तू नवा आलास त्या आठवड्यातलं आठवतंय. दुपारी किचन थंडावलं होतं. तू मागच्या टेबलावर चार ग्लास मांडले होतेस आणि बाजूला स्टीलचा उंच डबा. एकेक घोट घ्यायचास, गालात फिरवायचास, डोळे मिटायचास आणि डब्यात थुंकायचास. मी विचारलं, ‘हे काय रे? चूळ भरतोस?’ तू म्हणालास, ‘पंचशीलातलं पाचवं. आईला शब्द दिलाय, घशाखाली जाणार नाही.’ मी म्हटलं, ‘मग तुला काय डोंबल कळणार?’ त्यावर तू शांतपणे म्हणालास, ‘जीभ वेगळी, घसा वेगळा.’

मला ते पटलं नव्हतं. एवढ्या भारी बाटल्या उघडायच्या आणि थुंकून टाकायच्या, असा माणूस एक तर वेडा असतो नाही तर लबाड. मी कित्येक दिवस तुझ्या गळ्याकडे बघत होतो, घाटी हलते का म्हणून. एकदा तुझ्या वाढदिवसाला मी मुद्दाम ग्लास भरून दिला. तू तो वास घेऊन मला परत दिलास आणि म्हणालास, ‘कॉर्क खराब आहे, तूही पिऊ नको.’ मी हट्टाने प्यायलो. रात्रभर तोंडात ओल्या पुठ्ठ्याची चव होती. तेव्हापासून तुझ्या नाकावर माझा विश्वास बसला, तुझ्यावर मात्र नाही.

आणि तुझा माझ्यावर? तुलाही माझी पद्धत विचित्रच वाटायची. मी रांधताना चाखत नाही. आई शिरोड्याच्या देवळात उत्सवाला रांधायची, आणि देवाला दाखवण्याआधी चमचा तोंडाला लागला की अख्खं भांडं उष्टं. मी तिच्या पायाशी बसून शिकलो. ती झाकण उचलायची, वाफ नाकावर घ्यायची आणि म्हणायची, ‘मीठ हवं चिमूटभर.’ वाफेवर मीठ कळतं, यावर तुझा विश्वास नव्हता. तू पैज लावलीस. मी पाच कढयांमधली अळणी कढी वासावर ओळखून दाखवली आणि तू सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायचं नाटक केलंस. मग म्हणालास, ‘भारी जोडी आहे आपली. एक न चाखता रांधतो, एक न पिता सांगतो. गिऱ्हाइकांचं काय खरं नाही.’

ती वर्षं चांगली होती, मिलिंद. हे मी संशय बाजूला ठेवून लिहितो.

शाब्ली म्हणजे काय ते तू मला कॅन्टीनच्या डाळभातावर शिकवलंस. तिकडे थंडी फार, त्यामुळे द्राक्षाला साखर धरायला वेळ लागतो, म्हणून वाइन अशी करकरीत. हिरवं सफरचंद चावल्यावर दाताला लागतं तशी. आणि ती जमीन म्हणे कधीकाळी समुद्राखाली होती, मातीत अजून शिंपले सापडतात. म्हणून कालवं, तिसऱ्या, साध्या तव्यावरचा मासा, बकरीच्या दुधाचं चीज यांच्याशी तिचं जमतं. मी म्हटलं, शिंपल्याची माती आणि शिंपल्याचं कालवण, हे तर एका गोत्रातलं लग्न झालं. तू हसून पाण्याचा ग्लास सांडलास. मग आपण खेळ सुरू केला. मी घरचा पदार्थ सांगायचा आणि तू निकाल द्यायचा. कांदाभजी? ‘फर्स्ट क्लास. तळलेलं आणि खारट दोन्ही तिला आवडतं.’ तळलेली तारली? ‘डोळे मिटून.’ सोलकढी? ‘नको. एका म्यानात दोन तलवारी.’ पुरणपोळी? ‘सदादा, ती बिचारी रडेल.’ इथल्या लोकांचा शुवा, ते खड्ड्यात रात्रभर शिजवलेलं मटण? ‘मसाल्यापुढे ती उभीच राहणार नाही.’ आणि माझं सुकं? त्यावर तू नेहमी थोडा थांबायचास. ‘मिरची एक कमी कर आणि नारळ मूठभर कमी कर. नारळाच्या गोडीने ती उगाच आंबट लागते.’ मी म्हणायचो, आईच्या सुक्यातला नारळ कमी करायला तू कोण? हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि दोघांनाही तो संपवायचा नव्हता.

मग यंदाच्या हिवाळ्यात मला सर्दी झाली. पंधरा दिवस नाक चोंदलेलं. सर्दी गेली, आणि त्यानंतर सगळं जगच माझ्याशी फसवाफसवी करायला लागलं. मिठाची पिशवी बदलली होती, नव्या मिठात खारटपणाच नव्हता. मसालेवाला जुना माल पाठवत होता. कोथिंबीर पाणचट, लसूण चिनी, कॅन्टीनचा आचारी जेवणात काही घालेचना. मी सगळ्यांशी भांडलो. मसालेवाला बदलला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो, आणि माझं स्वतःचं अंगण मी चांगले कित्येक महिने सरळ करत बसलो होतो. वाफ नाकाला भरीव लागेपर्यंत मीठ घालायचं, एवढंच मला ठाऊक. ती लागेना, म्हणून मी घालत राहिलो.

त्याच सुमारास तुझी शाब्ली सुरू झाली. आधी तू कधी ही, कधी ती सुचवायचास. आता फक्त तीच. आणि मला बातमी लागली, की त्या बाटलीच्या कंपनीने बक्षीस लावलंय. जो सर्वांत जास्त खपवेल त्याला आठवडाभर फ्रान्सची सहल. मी मनात म्हटलं, सापडला. माझ्या आईच्या सुक्यावर स्वार होऊन हा निघाला फ्रान्सला!

तू मला रुस्ताकला घेऊन गेलास तेही त्याच दिवसांत. शुक्रवार होता. म्हणालास, तिथल्या बाजारात वाळवलेली लिंबं चांगली मिळतात, चल. वाटेत नव्या विमानतळाच्या कामाचे डंपर आडवे येत होते आणि तू फारसं बोलत नव्हतास. तू कारण नसताना मला फिरायला नेतोयस म्हणजे काहीतरी मागणार, अशी माझी खात्री होती. बाजार झाल्यावर तू गाडी त्या गरम पाण्याच्या झऱ्याकडे वळवलीस. लोक पाय बुडवून बसले होते. एक लहान मुलगी नाक दाबून आईच्या मागे लपत होती. तू माझ्या शेजारी उभा राहिलास आणि विचारलंस, ‘काय वास येतोय रे?’

मी म्हटलं, ‘कसला वास? पाण्याला कसला वास?’

तू ‘हं’ म्हणालास. परत येताना तू दोनदा काहीतरी बोलायला गेलास. दुसऱ्यांदा म्हणालास, ‘सदादा, त्या सर्दीनंतर एकदा नाकाच्या डॉक्टरला दाखवून ये ना. बौशरमध्ये एक चांगला आहे.’ मी म्हटलं, ‘माझ्या नाकात कशाला नाक खुपसतोस? तू तुझ्या सहलीचं बघ.’ तू रेडिओ लावलास. त्या झऱ्याला गंधकाचा वास येतो, इतका की काहींना मळमळतं, हे मला आता कळलं.

मग रमझान आला. इथल्या नियमाने तुझं वाइनचं कपाट महिन्याभरासाठी कुलूपबंद झालं. टेबलावर शाब्ली नाही, काहीच नाही. आणि माझ्या बश्या परत यायला लागल्या. पहिल्या चार दिवसांत तीन बश्या. ‘खारट.’ याआधी कुणी परत पाठवत नव्हतं, आणि आता तू रिकामा बसलेला असतानाच बश्या परत येत होत्या. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही. तूच लोकांच्या कानात काहीतरी घालत असणार, असं मी धरून चाललो.

पाचव्या दिवशी तू चमचा घेऊन माझ्या कढईपाशी उभा राहिलास. रमझानात किचनमधली निम्मी माणसं रोज्यावर, त्यांना चाखता येत नाही, म्हणून आपल्या लेबनानी मोठ्या शेफने सांगितलं, की यंदा मिलिंद चाखेल. बाकी कुणाला काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. माझं डोकं फिरलं. बावीस वर्षं मासे रांधतोय मी, आणि माझ्यावर चाखणारा बसवला. तोही वाइनवाला. तोही थुंकणारा! तू चमचाभर घ्यायचास, जरा थांबायचास आणि म्हणायचास, ‘पाणी घाल थोडं.’ ‘नारळ घाल अजून.’ ज्याने वर्षानुवर्षं नारळ कमी कर म्हणून माझा जीव खाल्ला, तोच आता नारळ घाल म्हणतोय. मला खात्री पटली, की तुला माझी कढई बिघडवायची आहे.

त्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. इफ्तारची घाई होती. तू तिसऱ्यांदा चमचा बुडवलास. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, ‘माझं भांडं उष्टं करू नको.’ आणि तू काही बोलायच्या आत ती अख्खी कढई उचलून कचऱ्याच्या पिंपात ओतली. सगळ्यांच्या देखत.

तू चमचा नळाखाली धुतलास, पुसलास. मग अगदी हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं, मराठीत विचारलंस, ‘माझा चमचा म्हणून, की कुणाचाही?’

मी म्हटलं, ‘कुणाचाही.’

तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी चारला तू परत आलास, चमचा बुडवलास आणि म्हणालास, ‘सदादा, पाणी घाला थोडं.’ मला तू ‘घाला’ म्हणालास, घाल नाही. ते मला झोंबलं. पण मी पाणी घातलं.

ईद झाली, कपाट उघडलं, पुन्हा प्रत्येक बशीबरोबर शाब्ली निघाली. बश्या परत येणं थांबलं. आपण मात्र ‘हो’, ‘नाही’ आणि ‘चार नंबर टेबल’ याच्या पुढे बोललो नाही. मी वाट बघत होतो तू येऊन माफी मागशील याची. तू कसली वाट बघत होतास, ते मला तेव्हा कळलं नाही. आणि एका सकाळी माबेलाला, तुझ्या घराखाली, कामाला निघताना, गाडीचं दार उघडता उघडता तू खाली बसलास आणि उठला नाहीस.

तुझ्या जागी तुझ्याच हाताखालची जेसी आली. केरळची पोर, हुशार आहे. तिने पहिल्याच आठवड्यात माझ्या सुक्याबरोबर कुठलीशी गोडसर वाइन दिली आणि एका संध्याकाळी चार बश्या परत आल्या. मी तिच्यावर ओरडलो, की मिलिंदने मरता मरता तुलाही शिकवून ठेवलं का? ती घाबरून म्हणाली, ‘सदाभाई, सर ने तो बोला था, इसके साथ सिर्फ शाब्ली देना, दूसरा कुछ नहीं. मैंने सोचा सर को फ्रान्स का ट्रिप चाहिए, इसलिए. सॉरी.’ बघ, मी एकटाच नव्हतो.

ती गेल्यावर परत आलेली एक बशी माझ्यासमोर तशीच होती. मिलिंद, मी आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं रांधलेलं, कामाच्या ओट्याशी उभं राहून, चाखलं. मीठ. नुसतं मीठ. नारळ नाही, आमसूल नाही, तिसरी नाही, आईचा मसाला नाही. ओला पुठ्ठा मिठात बुडवून चघळावा तसं. मी लसूण सोलून नाकाला लावला. कॉफीचा डबा उघडला. फरशी पुसायच्या फिनेलच्या बाटलीत नाक घातलं. काही नाही. इतके महिने म्हणत होतो ना, जग फसवतंय. जग बिचारं आपल्या जागेवर होतं.

मग मी जेसीकडे शाब्ली मागितली. ग्लासात बोटभर. सुक्याचा घास खाल्ला आणि वर घोट घेतला. वास मला येत नाही, तेव्हा तुझं हिरवं सफरचंद मला कळलं नाही, शिंपलेही कळले नाहीत. पण जिभेवरचं मीठ खाली बसलं. एका घोटात ती करकरीत आंबट धार आली आणि खारटपणा सौम्य झाला. पुढचा घास खावासा वाटला. मी तिथेच पालथ्या क्रेटवर बसलो. तू माझ्या मिठाला आडोसा लावत होतास. रमझानात तो आडोसा नव्हता, म्हणून चमचा घेऊन उभा राहिलास.

पण माझा संशय एवढ्यावर जात नाही, तुला माहीतच आहे. तुला कळलं कधी? आणि कळलं तर सांगितलं का नाहीस?

परवा माबेलाला गेलो होतो. वहिनींनी चहा केला. तुझी लेक अभ्यास करत होती, तिने मला ‘अंकल, तुम्ही बसा ना, पंखा लावते’ म्हटलं आणि पुन्हा इंग्रजी पुस्तकात शिरली. वहिनी स्वतःहूनच म्हणाल्या, ‘भाऊजी, रुस्ताकहून आले त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, सदादाचं नाक गेलंय आणि त्याला कळत नाहीये. मी म्हटलं, सांगून टाका. तर म्हणाले, दोनदा सांगायला गेलो, तो भांडतोय. आणि लोकांना कळलं तर त्याला परत पाठवतील, घरी दोन पोरं शिकतायत.’ मी विचारलं, ‘आणि ती फ्रान्सची सहल?’ मला विचारायला नको होतं, पण तोंडाला कुलूप नाही. वहिनी पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, ‘ते म्हणायचे, तिकडे जाऊन तरी थुंकायचंच ना.’ तुझं नाव बक्षिसाच्या यादीत पहिलं आलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काल मी शेफच्या खोलीत गेलो. रात्रभर ठरवलेलं वाक्य इंग्रजीत जुळवत गेलो होतो, ‘सर, माझं नाक गेलंय, जानेवारीपासून. माझ्या बश्या मिलिंद सांभाळत होता.’ शेफने चष्मा काढला. तो म्हणाला, ‘मला माहीत आहे, हबीबी. रमझानच्या चौथ्या रात्री तो इथे याच खुर्चीत बसून सांगून गेला.’

म्हणजे तू सांगितलं होतंस! मिलिंद, मी तुला सांगतो, त्या क्षणी माझ्या अंगात पुन्हा तोच जुना राग उसळला. रमझानभर मी सगळ्यांना सांगत होतो, मिलिंद शेफकडे माझी चुगली करतोय, आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. केलीसच तू. माझा संशय खरा निघाला.

शेफ पुढे म्हणाला, ‘मी म्हटलं, मग खलास, त्याला परत पाठवू. तो म्हणाला, हिवाळ्यापर्यंत थांबा, असं गेलेलं नाक कधी कधी परत येतं. तोपर्यंत प्रत्येक भांडं मी चाखतो. बशी परत आली तर माझ्या नावावर लिहा, त्याच्या नाही. आधी आलेल्या त्या तीन बश्याही त्याच्याच नावावर आहेत. आणि जी कढई ओतलीस, तीही त्याने स्वतःच्या नावावर घेतली. म्हणाला, माझ्या हातून सांडली.’

मी बाहेर येऊन मागच्या अंगणात उभा राहिलो. शेफने मला काढलं नाही, सकाळच्या नाश्त्याला लावलंय. अंडी, डोसे. बौशरच्या डॉक्टरची वेळ घेतलीये. फोनवर तो म्हणाला, वास परत येईल किंवा येणार नाही. तिसऱ्यांचं सुकं मेन्यूतून उतरवलं. हे सगळं मला सोसेल. हे सगळं मी तुझ्यावर रागावून, तुझे आभार मानून, पुन्हा रागावून सोसेन.

पण एक राहिलंय. शेफला सांगितलं नाही, वहिनींना सांगू शकलो नाही.

तू विचारलं होतंस, ‘माझा चमचा म्हणून, की कुणाचाही?’ मी ‘कुणाचाही’ म्हटलं आणि आईच्या देवळाचा आधार घेतला. पण हे सुकं मेन्यूत घेताना शेफने त्याच कढईत चार वेळा चमचा घातला होता, आणि मी हात बांधून, मान लववून उभा होतो. किचनमधला गोव्याचा बावतीस येता-जाता बोट बुडवून चाटायचा, मी त्याला शिवी घालून हसायचो. तेव्हा मला उष्टं आठवलं नाही. तू हॉटेलात आलास त्या दिवशी मी तुझं आडनाव विचारलं होतं, आणि तू सांगितल्यावर ते मनात कुठेतरी ठेवून दिलं होतं. बारा वर्षं आपण एका टेबलावर जेवलो, एकमेकांच्या घरी गेलो, आणि मला वाटत होतं ते तिथे नाहीच. होतं, मिलिंद. आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त तिथे घ्यायचा राहिला.

तुझा चमचा म्हणूनच मी ती कढई ओतली. तुलाही ते माहीत होतं, कारण तू ‘घाला’ म्हणायला लागलास. आणि ते माहीत असूनही दुसऱ्या दिवशी चार वाजता तू आलास आणि माझ्यासाठी चाखलंस.

हे तू असताना तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. तू ‘जाऊ दे, सदादा’ म्हणाला असतास, असं सगळ्यांना वाटेल. मला तसं वाटत नाही. माझा संशय आहे की तू काहीच म्हणाला नसतास, नुसता माझ्याकडे बघत राहिला असतास. आणि तेच बरोबर झालं असतं.